पाठ नसलेला कॅमेरा

आमच्या कामात किस्से फार साठतात, आणि त्याला कारण म्हणजे रेंडर. सहा छोट्या कॅमेऱ्यांनी सहा बाजूंना घेतलेली चित्रं कॉम्प्युटर एकमेकांना जोडत बसतो, तोपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत असते. सरकते कसली, रांगते! त्या पट्टीकडे बघत बसणं मला जमत नाही. मी उठते, पाणी पिते, खिडकी उघडते, बंद करते, चहा टाकून येते, तरी पट्टी तिथेच. मग कोणीतरी म्हणतं, ‘यार, वो वाला सुना?’ आणि सुरू होतं.

ही गोष्ट पुठ्ठ्याच्या हेडसेटच्या काळातली आहे. पुठ्ठ्याचा डबा, त्यात दोन भिंगं, पुढच्या खाचेत आपला फोन सरकवायचा आणि डबा डोळ्यांना लावायचा. समोर गायक गात असतो. मान वळवली की बाजूचं दिसतं, मागे वळलं की मागचं. म्हणजे गाणं बघायचं नाही, गाण्याच्या आत जाऊन उभं राहायचं. दिल्लीत असलं काम करणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यातल्या कोणालाच ते नीट येत नव्हतं. आम्हालाही नाही.

आम्ही म्हणजे तिघं. मालक बग्गाजी, दिग्दर्शक समीर आणि चित्रं जोडणारी मी, मानसी. ऑफिस गाझियाबादला, एका सरियाच्या दुकानाच्या वर. खाली लोखंडी सळ्यांचा ट्रक रिकामा व्हायला लागला की अख्खी इमारत घंटेसारखी वाजायची. बग्गाजींचा मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. एका एक्स्पोत त्यांनी हेडसेट डोळ्यांना लावला, काढला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की शादी-ब्याहचा जमाना गेला. दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा ऑफिसात हजर! तो चालू कसा करायचा, हे मात्र एक्स्पोत कोणी सांगितलं नव्हतं.

*

हा कॅमेरा चारी बाजूंना बघतो. म्हणजे त्याला पाठ नसते. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे उभं राहणं हा प्रकारच संपला. शॉट सुरू झाला की गायकाला एकट्याला सोडून सगळ्यांनी लपायचं. झाडामागे, गाडीत, खाटेखाली, जिथे जागा मिळेल तिथे.

हे बग्गाजींच्या डोक्यात शिरेना. आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलेला माणूस. पहिल्या शूटला, छतरपूरच्या एका फार्महाउसवर, मी आणि समीर कुंपणामागे पालथे पडलो होतो. शॉट संपला. परत येऊन बघते तर अख्ख्या गाण्यात बग्गाजी! सफारी सूट, पोटावर हात, ‘ब्यूटिफुल, ब्यूटिफुल’ म्हणत उभे. समीरने त्यांना हात जोडून सांगितलं की सर, तुम्ही दिसताय. ते म्हणाले, मी तर मागे होतो. कशाच्या मागे, विचारलं तर त्यांनी कॅमेऱ्याभोवती एक चक्कर मारली, आणि दुसरीही मारली.

शेवटी स्पष्टच सांगितलं, तेव्हा छाती पुढे काढून म्हणाले, “मालिक छुपेगा? अपने ही सेट पे?”

मग काय करणार! समीरने त्यांना फेटा बांधला आणि मुलीचा बाप करून टाकलं. तिथून पुढच्या प्रत्येक गाण्यात बग्गाजी मुलीचा बाप. गाणं प्रेमाचं असो, ब्रेकअपचं असो की दारूचं, एका कोपऱ्यात फेटा बांधून ते उभेच. एका गाण्याखाली कोणीतरी कॉमेंट लिहिली होती, ‘अंकल की कितनी बेटियां हैं?’ बग्गाजींनी त्याला स्वतः उत्तर दिलं, ‘सब आपकी दुआ से.’

*

लपण्यात मात्र समीरचा हात कोणी धरला नसता. हा समीर पठाण मूळचा उदगीरचा. दिल्लीत आला होता यूपीएससी करायला. राजिंदर नगरला चार पोरांत एक खोली, भिंतीवर भारताचा नकाशा, सगळं रीतसर. दोनदा पूर्वपरीक्षेतच नापास झाला, आणि मग एक दिवस हेडसेटवरचा लेख वाचून आमच्याकडे येऊन थडकला. म्हणाला, कामाला घ्या, पगाराचं नंतर बघू. अभ्यास सुटला तो सुटलाच. खोली आणि नकाशा तेवढा राहिला.

हे त्याच्या अब्बांना माहीत नव्हतं.

अब्बांचं उदगीरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या सह्यांच्या नकला काढल्या. मुलगा दिल्लीला गेला त्या महिन्यात त्यांनी ‘पठाण झेरॉक्स’ पुसून पाटी रंगवून घेतली, ‘कलेक्टर झेरॉक्स’. आता अख्खं गाव त्याच नावाने दुकान ओळखतं. ती पाटी कोण आणि कशी खाली उतरवणार, हा समीरचा प्रश्न होता. दर आठवड्याला तो म्हणायचा, रविवारी सांगून टाकतो. रविवार यायचा आणि जायचा. मला त्याचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. बसल्या जागी त्याचा गुडघा असा हलत राहायचा की टेबलावरचा माझा चहा सांडायचा.

तर एकदा मुरादनगरच्या पुढे उसाच्या शेतात शूट होतं. ट्रॅक्टरवर गायक, भोवती ढोलवाले, मोठ्या स्पीकरवर गाणं, आणि समीर उसात लपलेला. त्यात अब्बांचा फोन आला. दुकान बंद करून ते रोज फोन करायचे, आणि उचलला नाही तर रूममेटला लावायचे, त्यामुळे उचलणं भागच. समीर कुजबुजत म्हणाला, लायब्ररीत आहे. कुजबुजीमुळे ते अगदी खरं वाटलं! पण पलीकडून विचारणा झाली, “ये कैसी लायबरी है रे? ढोल बजरा.”

समीरने शेजारच्या मंगल कार्यालयावर ढकललं. अब्बांनी चुकचुकून फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या पत्त्यावर पार्सल आलं. हा पत्ता समीरने ‘टेस्ट सिरीजच्या क्लासचा’ म्हणून दिलेला. पार्सलमध्ये कानात घालायला कापसाचे बोळे, नीट वळून, डबीत भरून दिलेले. सोबत शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी. समीर बोळे मुठीत धरून खिडकीशी गेला आणि बराच वेळ तिकडे तोंड करून उभा राहिला. बग्गाजींनी उसातला तो फोन ऐकला होता, पण खिडकीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते पराठ्यावर चटणी घेऊन बसले, डबा पुसून संपवला आणि म्हणाले, “फादर साहब को बोल, लायब्ररी में शोर अभी भी बहुत है.”

*

गुडगावचा एक रॅपर होता, लकी. वडील प्रॉपर्टी डीलर, त्यामुळे उत्साह भरपूर. त्याला नमुना म्हणून जुनं गाणं दाखवलं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे बघितलं, मग हेडसेट काढून विचारात पडला. गाण्यावर विचारात पडलेला रॅपर मी पहिल्यांदाच बघत होते.

“मतलब,” तो म्हणाला, “बंदा मुझे देखे बिना भी मेरा गाना देख सकता है?”

समीर म्हणाला, हो, तीच तर यातली गंमत आहे. लकीला गंमत वाटली नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही. लोक आपल्याकडे पाठ करून आपलं गाणं बघतील, ही कल्पनाच त्याला सहन होईना. दुसऱ्या दिवशी तोडगा घेऊन आला. चारी बाजूंना लकी! एकदा समोर उभं राहून गायचं, मग उजवीकडे, मग मागे, मग डावीकडे. चारही लकी एकत्र जोडायचे, म्हणजे बघणारा पळून जाणार कुठे?

ते जोडता जोडता माझा जीव मेटाकुटीला आला. एका लकीचा हात दुसऱ्या लकीच्या शर्टात शिरायचा. तिसऱ्याला कान तीन. पण झालं एकदाचं, आणि पहिला मान म्हणून लकीने आईला बोलावून आणलं. मम्मीजींनी हेडसेट लावला. समोर मुलगा दिसला, खूश झाल्या. उजवीकडे वळल्या तर मुलगा. मागे वळल्या तर मुलगा, हात नाचवत अंगावर येतोय. त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला, पदराने कपाळ पुसलं आणि लकीकडे न बघता म्हणाल्या, “एक ही नहीं संभल रहा था.”

*

सगळीच गिऱ्हाइकं लकीसारखी नव्हती. सक्सेनाजी म्हणून एक होते, सरकारी नोकरीतून निवृत्तीला आलेले, गझल गायचे. घरच्यांनी ऐकणं सोडलं होतं. ऑफिसच्या समारंभात ते माईककडे निघाले की लोकांना नेमकी तेव्हाच चहाची आठवण व्हायची. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, हसत हसत. त्यांना वाटत होतं की एक गाणं असं करावं ज्यात ऐकणारा अगदी समोर बसलेला असेल.

शूट हिंदूरावच्या रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या जंगलाच्या टेकडीवर, ठरलं. झाडी, जुने दगड, सकाळचं ऊन. कॅमेरा मांडला, सक्सेनाजींना दगडावर बसवलं आणि आम्ही तिघं लांब जाऊन उताराखाली दडलो. कॅमेऱ्यात काय चाललंय हे तेव्हा आम्हाला बाहेर दिसायचं नाही. आवाज मात्र येत होता. गाणं संपेपर्यंत मी चार वेळा उठायला बघितलं आणि चार वेळा समीरने मला ओढून खाली बसवलं.

ऑफिसात येऊन उघडलं तर काय! पहिल्या शेरालाच झाडावरून एक माकड उतरलं. आरामात चालत आलं आणि सक्सेनाजींच्या शेजारच्या दगडावर बसलं. सक्सेनाजींचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ता नाही. माकड त्यांच्याकडे बघतंय, मधूनच मांडी खाजवतंय, पण उठत नाही. शेवटची ओळ संपली, सक्सेनाजींनी डोळे उघडले, तोपर्यंत स्वारी झाडावर!

आमचं हसून हसून पोट दुखलं. मग लाज वाटली आणि मी माकड पुसायला घेतलं. एकेक फ्रेम, सगळं नरक काम. तेवढ्यात सक्सेनाजी बघायला आले. कच्चं आहे, थांबा, असं म्हणेपर्यंत त्यांनी हेडसेट लावलासुद्धा. पूर्ण गाणं त्यांनी माकडाकडे तोंड करून बघितलं, स्वतःकडे नाही. काढून ठेवताना म्हणाले, “इसे मत हटाइए. यही एक है जो आखिर तक बैठा रहा.”

*

एक छोटासा. कॅमेरा ज्या स्टँडवर उभा असतो त्याचे पाय खाली बघितलं की दिसतात. ते झाकायला जमिनीवर एक गोल ठिपका चिकटवायचा, त्यात गाण्याचं नाव वगैरे. बग्गाजींना ती जागा फुकट जाताना बघवेना. एका इंग्लिश गाण्याला, गायिका डोळ्यांत पाणी आणून गातेय, तिच्यासमोर जमिनीवर त्यांनी मला विचारल्याशिवाय टाकलं, ‘शादी, मुंडन, जागरण. संपर्क करें.’ खाली फोन नंबर.

गायिकेने आकाशपाताळ एक केलं. गाणं कुठेच चाललं नाही. मुंडनाच्या मात्र ऑर्डरी आल्या!

*

आमच्या आईचाही एक आहे. आम्ही गाझियाबादलाच, वैशालीत राहतो. आई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती, नुकतीच रिटायर झालेली, आणि रिटायर झाल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी नऊला पर्स घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची. दिवसभर कपाटं आवरायची, आवरलेली परत आवरायची. माझा अस्वस्थपणा कुठून आला असेल ते मला तेव्हा कळलं. शिवाय माझ्या कामाविषयी तिला शंका होतीच. इतकं शिकून काय करतेस, तर म्हणे लपतेस!

म्हटलं, बघ तरी. सोफ्यावर बसवून हेडसेट लावला. लग्नाचं गाणं होतं, भोवती बायका नाचतायत. आईने पहिल्यांदा साडीचा पदर सावरून घेतला, कोणाचा पाय पडू नये म्हणून. मग एका बाईला वाट दिली. मग सहज खाली बघितलं आणि ओरडली, “अगं, माझे पाय कुठे गेले?”

मी समजावलं की त्यात बघणाऱ्याला शरीर नसतं. तू तिथे असतेस, पण कोणाला दिसत नाहीस. सगळे तुझ्या आजूबाजूला फिरतात, तुझ्याशी कोणी बोलत नाही, तू काही केलंस तरी कोणाला फरक पडत नाही.

आईने हेडसेटसकट मान डोलावली. मग म्हणाली, “अच्छा. म्हणजे रिटायरमेंटच की!”

दुसऱ्या दिवशीपासून तिने कॉलनीतल्या पोरांची गणिताची शिकवणी सुरू केली. ती शिकवणी आजही चालू आहे, आणि पोरं तिला थरथर कापतात.

*

आता हा शेवटचा. हा मी रेंडरच्या वेळी सांगत नाही, कारण मध्ये पट्टी संपली तर राहून जातो.

त्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली आणि गेली. समीरने फॉर्म भरला नाही. उदगीरला मात्र अब्बा तहसीलमधल्या प्रत्येकाला सांगत होते की या खेपेला होणार. समीर चिडचिडा झाला होता. सेटवर फेऱ्या मारायचा, चहा अर्धा टाकायचा, शॉट पाच मिनिटांत बदलायचा. मी शेवटी त्याला सरळ म्हटलं की आज फोनवर सांग, मी शेजारी उभी राहते. त्याने फोन काढला, नंबर लावला, आणि अब्बा म्हणाले की बेटा, आवाज बसलेला वाटतोय, फार जागू नकोस. हा ‘जी’ म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

त्याच सुमारास झज्जरकडच्या एका जुन्या हवेलीत आम्ही एक गाणं केलं. मोकळं अंगण, सगळ्या खोल्यांना मालकाची कुलपं, लपायला काडीची जागा नाही. मग सगळ्यांनीच सोंगं घेतली. बग्गाजी अर्थातच मुलीचे बाप. मी घुंघट घेऊन कोपऱ्यात धान्य पाखडत होते. समीर गायिकेच्या बरोबर विरुद्ध बाजूला, कॅमेऱ्यामागे म्हणावं तर मागे, एका खाटेवर अंगावर जाड सुती खेस पांघरून झोपलेला म्हातारा झाला. आणि तो खरंच झोपला! महिनाभराची झोप राहिली असावी. गाणं सुरू झालं तसा झोपेत त्याने खेस तोंडावरून खाली ओढला, कुशीवर वळला, गालाखाली हात घेतला आणि शेवटपर्यंत हलला नाही. गायिकेचा तो टेक इतका सुंदर होता की परत घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. ऊनही उतरलं होतं. मी म्हटलं, खाटेवरचा हा माणूस नंतर पुसते. बग्गाजी म्हणाले, “रहने दे. सामने लड़की गा रही है, पीछे कौन देखता है?” समीरही राहू दे म्हणाला. राहिलं.

गाणं बरं झालं. आईच्या ओळखीतून दिल्लीतल्या एका मराठी मंडळाने आम्हाला बोलावलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या सदनाच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता, साबुदाणा वड्याच्या स्टॉलशेजारी आमचं टेबल. टेबलावर पांढरी चादर, गोल फिरणारं एक स्टूल, दोन हेडसेट. हेच हवेलीचं गाणं दोन्हींत लावून ठेवलेलं. भरपूर रांग लागली. लोक बसायचे, गायिकेकडे तोंड करून बसायचे आणि गाणं संपलं की उठायचे. बग्गाजी मराठी माणसांसमोर जास्तच फुलले होते.

मी एका काकूंना हेडसेट बांधत होते. इतक्यात शेजारी समीर श्वास घ्यावा तितक्या हळू म्हणाला, “अब्बा.” मी वळून बघेपर्यंत समीर जागेवर नव्हता. माझ्या पायाशी टेबलाची चादर हलत होती.

रांगेत तिसरे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात वड्याची प्लेट. मी त्यांना ओळखत नव्हते, पण ओळखायला वेळ लागला नाही. नाक समीरचंच होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की उदगीरच्या आमदारांबरोबर काही लोक कामासाठी आलेत, त्यात मीपण आलो, इथेच उतरलोय.

“आमचं लेकरू दिल्लीलाच असतंय,” ते म्हणाले. “यूपीएससी करतंय. येतोय म्हणून कळवलं नाही त्याला. उगंच अभ्यास मोडतोय. उद्या सकाळी जाऊन फकस्त बघून येतो.”

मी म्हटलं, काका, या फोनची बॅटरी उतरलीय, मी दुसरं गाणं लावून देते. ते म्हणाले, राहू दे पोरी, हाय तेच बघतो, मागं लोक थांबलेत. आणि स्टुलावर बसलेसुद्धा. प्लेट त्यांनी मांडीवर घेतली. मी हेडसेट बांधला, कानांवर हेडफोन चढवले. आता काय होणार, हे दिसत असून मला काही करता येत नव्हतं.

गाणं सुरू झालं. ते समोर गायिकेकडे बघत होते. एकदा पायाने ठेकाही धरला. मी मनात म्हणत होते, असेच बसा काका, तीन-चार मिनिटांचा प्रश्न आहे.

बग्गाजी आले. त्यांनी हेडफोन एका कानावरून जरा उचलला आणि प्रेमाने म्हणाले, “अंकलजी, पीछे भी घूमो. पीछे भी है.”

हेडफोन पुन्हा कानावर बसला. स्टूल फिरलं. अर्धं फिरलं आणि थांबलं.

ते हलले नाहीत. गायिकेकडे त्यांची पाठ होती. रांगेतले लोक बघायला लागले की हे काका भिंतीकडे तोंड करून काय बघतायत. मांडीवरची प्लेट घसरून खाली पडली, ती त्यांना कळली नाही. बग्गाजी उचलायला वाकले, मी त्यांना धरलं. अब्बांचा उजवा हात हवेत पुढे गेला, थोडा खाली आला, आणि कोणाच्या तरी खांद्यावर थोपटावं तसा हलायला लागला. रिकाम्या हवेत. हळूहळू.

कानावर हेडफोन असलेला माणूस नेहमीच मोठ्याने बोलतो. त्याला वाटतं आपण सावकाश बोलतोय. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

“समीर, उठ रे. और कित्ता सोयेंगा?”

आणि माझ्या पायाशी, चादरीच्या आतून आवाज आला, “उठ्या मैं, अब्बा.”